साखळीएवढं रिंगण

चौसाळ्याजवळच्या एका आखाड्यावर लिंबाखाली रॉटवायलर बांधलेला असतो. त्याच्याभोवतीची माती पाहिली की पोटात तुटतं. साखळी जेवढी लांब, तेवढं गोल रिंगण घासून गुळगुळीत झालंय. आत गवताची काडी नाही, बाहेर सगळं हिरवं. पिल्लू होतं तेव्हापासून तो तिथंच आहे. मालक कौतुकानं सांगतात, "कधी सोडलाच नाही, म्हणून एवढा कडक झालाय. चोराची काय टाप!"

इथंच पहिला गैरसमज आहे, आणि मला तो सगळ्यात घातक वाटतो. बांधून ठेवलेला कुत्रा शूर होत नाही, भेदरट होतो. समोर अनोळखी माणूस आला की मोकळा कुत्रा मागं सरकू शकतो. साखळीतल्याला ती वाट नसते, मग तो अंगावर धावतो. साखळी तुटली, तर समोर चोर आहे की ओसरीवर खेळणारा नातू, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मिरची किंवा कच्चं मांस घालून कुत्रा 'तिखट' होतो, हेही खोटं. मिरचीनं आतडी पेटतात, राखण सुधारत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात तर कुत्र्याचा वेगळा उल्लेखच आहे: कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही, तर तो गुन्हा.

"पण जातच खुनशी असते ना?" हा प्रश्न पिटबुलबद्दल हमखास येतो. त्याचा जबडा कुलपासारखा अडकतो म्हणतात. तसलं कुलूप कुठल्याच कुत्र्याच्या जबड्यात नसतं. पिटबुलची पकड चिवट असते, एवढंच. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन केलेला अभ्यास आला. कुत्र्या-कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यात दिसलं.

पण त्यावरून "सगळं मालकाच्या हातात" असं म्हणून मोकळं होणाऱ्यांचंही मला पटत नाही. पूर्ण वाढलेला रॉटवायलर नर पन्नास किलोच्या घरात जातो, म्हणजे सिमेंटची एक गोणी. ती गोणी धावत अंगावर आली तर काय होईल? लहान कुत्रा चिडला तर पोटरीला दात लागतात. हा चिडला तर लेकराच्या जिवावर बेततं. चूक तीच, किंमत वेगळी. दहा वर्षांच्या पोराच्या हातात याचा पट्टा देऊन रस्त्यावर पाठवणं मला अक्षम्य वाटतं.

मुसकं घालायला लोक लाजतात, जणू ती कुत्र्याला शिक्षा आहे. कोळपताना आपण बैलाला मुसकं घालतो ते पीक वाचावं म्हणून, बैलावरच्या रागानं नव्हे. जाळीचं, मापाचं मुसकं असेल तर कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं.

"या कुत्र्यांवर आता बंदी आहे" हेही कानावर येतं. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना पत्र पाठवून २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो त्यात होते. 'टेरिअर' आणि 'मॅस्टिफ' तर सरसकट होते. एप्रिलमध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. पण बंदी उठली म्हणून मालक सुटला असं नाही. पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून घ्यायची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पिल्लू विकणाऱ्यालाही २०१७ चे नियम आहेत: त्याची नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा हे भावंडांत खेळून शिकतच नाही.

आपल्याकडच्या कारवानचाही इथं विचार करायला हवा. मुधोळ म्हणतात तीच ही जात. अंगानं काटक, नजर तीक्ष्ण. पळणारं काही दिसलं की मागं लागणं तिच्या रक्तात आहे. आपल्या मातीतली म्हणून ती बिनधोक, असं धरून चालू नये; शेजाऱ्याची शेळी पळाली तरी ती मागं धावेल. तिला सशावर सोडणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

आणि चावलाच, तर? जखमेवर हळद, चुना, मिरची भरू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. कुत्रा घरचा आहे, लस टोचलेली आहे, म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचे दिवस कधीच गेले. आता दंडात टोचतात, मोजक्या वेळा. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच वेगळं औषध, इम्युनोग्लोब्युलिन, सोडावं लागतं. त्याबद्दल डॉक्टरांना आपण होऊन विचारा.