मे महिन्यातही गारठणारे जखमी
१३ मे २०२४ ला वादळी पावसात घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर अजस्र होर्डिंग कोसळलं. १७ जणांचा जीव गेला, अनेक जखमींना राजावाडी रुग्णालयात नेलं. अशा घाईत नाडी, रक्तदाब सगळेच बघतात. तापमान मात्र मागे पडतं, आणि हे मला फार खटकतं. खूप रक्त गेलेलं शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही, मुंबईच्या उकाड्यातही. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. आणखी उतरलं की प्लेटलेट आणि रक्त गोठवणारी विकरं मंदावतात, रक्तस्राव वाढतो, शरीर अधिकच गार पडतं. त्यात रक्तपेढीतलं रक्त २ ते ६ अंशांवर साठवलेलं! म्हणून भराभर रक्त चढवताना ते ऊबदार करूनच द्यायचं, ओले कपडे आधी काढायचे. काखेतला थर्मामीटर इथे फसवू शकतो. अन्ननलिकेत किंवा मूत्राशयात बसवलेला सेन्सर शरीराच्या आतलं तापमान सतत दाखवत राहतो.