संपादक व समकक्ष परीक्षण

समकक्ष परीक्षण म्हणजे शोधनिबंधाची प्रकाशनापूर्वी त्याच विषयातील अन्य तज्ज्ञांकडून होणारी छाननी होय. छाननी परीक्षक करीत असले, तरी या प्रक्रियेचे उत्तरदायित्व संशोधनपत्रिकेच्या संपादकाकडे असते. परीक्षक अभिप्राय देतात. निबंध स्वीकारावा, सुधारणेसाठी परत पाठवावा की नाकारावा, हा निर्णय संपादकाचा असतो.

इतिहास

हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये लंडन येथे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्यातील मजकुराची निवड प्रामुख्याने ते स्वतःच करीत. १७५२ मध्ये रॉयल सोसायटीने हे काम एका समितीकडे सोपविले. बाहेरील तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेण्याची पद्धत सार्वत्रिक झाली ती विसाव्या शतकात.

१९३६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’चे संपादक जॉन टेट यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन व नेथन रोझेन यांचा निबंध परीक्षकाकडे पाठविला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. परीक्षकाने त्यातील उणिवा दाखविल्या. आपला निबंध छापण्यापूर्वी दुसऱ्यास दाखविला, याबद्दल नाराज होऊन आइन्स्टाइन यांनी तो परत घेतला. १९३७ मध्ये तो अन्यत्र प्रसिद्ध झाला, तेव्हा मूळ निष्कर्ष बदललेला होता.

परीक्षकांची निवड

विषयाचा जाणकार आणि लेखकाशी हितसंबंध नसलेला परीक्षक निवडणे हे संपादकाचे पहिले कर्तव्य मानले जाते. लेखकाचे मार्गदर्शक, विद्यार्थी, निकटचे सहकारी वा उघड प्रतिस्पर्धी यांना सामान्यतः टाळले जाते. संपादकाचा स्वतःचाच हितसंबंध असेल, तर त्याने तो निबंध सहसंपादकाकडे सोपविणे अपेक्षित असते.

लेखकाने सुचविलेल्या परीक्षकाची ओळख पडताळणेही आवश्यक असते. २०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल’ या पत्रिकेने ६० निबंध मागे घेतले. बनावट नावांची खाती उघडून परीक्षणात फेरफार केल्याचे तेथे उघडकीस आले होते.

निर्णय व गोपनीयता

दोन परीक्षकांची मते परस्परविरोधी असल्यास संपादक त्यांची केवळ मोजणी करीत नाही. युक्तिवाद तपासून गरजेनुसार तिसऱ्या तज्ज्ञाचे मत मागवितो. निर्णयाची कारणे लेखकाला कळविणे, अहवालातील अपमानास्पद भाषेला आळा घालणे, अवाजवी विलंब टाळणे आणि अप्रकाशित मजकूर गोपनीय राखणे हीदेखील त्याचीच कामे होत. यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेली ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ ही संस्था प्रसिद्ध करते.

प्रकाशनानंतरची जबाबदारी

परीक्षक सहसा मूळ नोंदी तपासत नाहीत. लेखकाने दिलेली माहिती ते प्रामाणिक मानून चालतात. त्यामुळे परीक्षणातून गैरप्रकार निसटू शकतात. एमएमआर लस व स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा, १२ मुलांवरील निबंध ‘द लॅन्सेट’ने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. मधल्या काळात ब्रिटनमध्ये या लसीकरणाचे प्रमाण घटले होते. म्हणूनच तक्रार येताच चौकशी सुरू करणे आणि आवश्यक तेथे दुरुस्ती किंवा माघार जाहीर करणे, हा संपादकीय कर्तव्याचा भाग समजला जातो.

भारतातील स्थिती

दर्जाहीन पत्रिकांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ सूची आणली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. २०२५ मध्ये ही सूची बंद करण्यात आली. पत्रिका निवडताना तपासावयाच्या निकषांत आता परीक्षणाची पद्धत व संपादक मंडळाची विश्वासार्हता यांना महत्त्व आले आहे.