कुरणात नव्याने गवत पेरणे कितपत फायद्याचे?

महाराष्ट्राच्या पठारी भागात, विशेषतः अवर्षणप्रवण तालुक्यांत, गुरे पाळणाऱ्या अनेक शेतकऱ्यांपाशी पिकाच्या जमिनीखेरीज थोडेफार माळरान असते. पूर्वी या माळावर गुडघाभर गवत उभे राहात असे, आता पावसाळा सरताच जमीन उघडी पडते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. मग कोणी सुधारित गवताचे बी आणतो, मृगाच्या पावसावर माळावर फेकतो आणि दिवाळीच्या सुमारास पाहतो तो तेथे पूर्वीचीच कुसळी डोलत असते. बियाचा व मजुरीचा पैसा तर जातोच, शिवाय गवत पेरणे हा फुकटचा उद्योग होय अशी समजूत गावात पक्की होते. वास्तविक पेरावे की नाही, हा प्रश्न बी विकत घेण्यापूर्वी सोडवावयाचा असतो.

दख्खनच्या उतारावरील मूळची चांगली गवते म्हणजे पवना व डोंगरी. सखल, काळसर जमिनीत मारवेल. ही सर्व बहुवर्षायू गवते होत. जनावर गोड गवत आधी खाते. त्यामुळे वर्षभर मोकळ्या चराईत चांगल्या गवताचा पाला वाढूच शकत नाही, मुळांतील साठा संपतो आणि ठोंब मरतो. जनावराने टाळलेली कुसळी त्याची जागा घेते. उन्हाळ्यात माळ जाळण्याची चाल तिला अधिकच पोषक ठरते. तिचे कुसळ ओले होताच पीळ उलगडते, वाळताच पुन्हा पीळ घेते व बियाला स्क्रूप्रमाणे जमिनीत रुतवते. इतकी चोख पेरणी कोणत्याही पाभरीने होणार नाही. तरीही चराई तशीच चालू राहिली तर कुसळीही हटते, वीतभर उंचीची एकहंगामी गवते उरतात आणि शेवटी मुरूम उघडा पडतो.

आपला माळ या उतरंडीच्या कोणत्या पायरीवर आहे हे शेतकऱ्याने आधी पाहावे. त्यासाठी भाद्रपदात, गवत फुलोऱ्यावर असता, माळावरून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ चालत जावे. दर दहा पावलांवर थांबून अंगठ्यापुढे काय आहे ते टिपावे : चांगल्या गवताचा ठोंब, कुसळी की उघडी जमीन. अशा शंभर नोंदी घेतल्या म्हणजे अंदाजाऐवजी हिशेब हाती येतो. नोंदींपैकी तिसरा हिस्सा जरी चांगल्या ठोंबांचा निघाला, तरी बियावर पैसा घालू नये. तेथे दोन पावसाळे चराई बंद ठेवून गवत फक्त कापून न्यावे. जुने ठोंब पसरतात व त्यांचेच बी गळून मोकळ्या जागा भरतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतरच्या दशकात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि मृद्-जलसंधारणाची कामे एकत्र झाली, आणि उजाड डोंगरउतारांवरून गावकरी गवत कापून नेऊ लागले.

चांगले ठोंब क्वचितच दिसत असतील, तर मात्र नुसत्या विश्रांतीने कुसळीच माजते. अशा माळावर पेरणी योग्य होय. पण तेथे निदान वीतभर तरी माती असली पाहिजे. उघड्या खडकावर टाकलेले बी पहिल्याच उघडिपीत वाळते. दुसरी अट बंदोबस्ताची. पहिल्या पावसाळ्यात शेळ्यामेंढ्यांसह एकही जनावर आत शिरणार नाही याची खात्री नसेल, तर पेरणी करूच नये. गायरानाच्या बाबतीत ही खात्री ग्रामसभेत सर्वांच्या, विशेषतः मेंढपाळांच्या संमतीनेच मिळते. ज्यांची गुरे अन्यत्र चरू शकत नाहीत त्यांची सोय न लावता घातलेले कुंपण फार दिवस टिकत नाही.

आता खर्चाचा विचार. सुमारे ३५० किलो वजनाचे जनावर दिवसाला ८ किलोच्या आसपास कोरडी वैरण खाते. म्हणजे फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांत त्यास जवळजवळ १ टन लागते. खालावलेल्या माळावर हेक्टरी टनभर वाळलेले गवतही कष्टाने मिळते. पेरणी साधली व पाऊस बरा झाला तर ते तीन टनांपर्यंत जाऊ शकते. वाढलेल्या दोन टनांवर दोन जनावरांचा उन्हाळा निघतो. नांगरट, बी, राखण आणि एका हंगामाची बुडालेली चराई या सर्वांचा खर्च पाच वर्षांवर विभागावा आणि तेवढ्याच कडब्याच्या चैत्रातील बाजारभावाशी ताडून पाहावा. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांना गुरे छावणीत न्यावी लागली किंवा मिळेल त्या किमतीस विकावी लागली, त्यांना गंजीतील दोन टनांचे मोल निराळे सांगावयास नको.

पेरणी सबंध माळावर एकदम करू नये. समपातळीत पट्टे आखून एकाआड एक पट्टा कुळवावा. उतार धुपत नाही आणि पाऊस दगा देता सर्व खर्च बुडत नाही. हलक्या जमिनीस अंजन चांगले. हेक्टरी ५ किलो बी पुरते. अंजनाचे ताजे बी नीट उगवत नाही, म्हणून मागील वर्षाचे घ्यावे. बी केसाळ व हलके असल्याने ते ओलसर मातीत मिसळून उथळ पेरावे व वरून काटेरी फांदी फिरवावी. मारवेलचे ठोंब लावणे बियापेक्षा खात्रीचे. पहिल्या वर्षी बी गळून पडल्यावरच कापणी करावी. न पेरलेल्या पट्ट्यांतील कुसळी मात्र कुसळे धरण्यापूर्वीच कापावी. त्या वेळी ती बरी वैरणही होते.

हेच अंजन गवत ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या कुरणांत लक्षावधी हेक्टरांवर पेरले गेले आहे. तेथील अनुभव असा की, पहिली काही वर्षे गवत जोमाने येते, पुढे जमिनीतील नत्र मुळांत व कुजक्या पाल्यात अडकून पडते आणि उत्पादन बरेच घटते. त्यावर द्विदल वैरणीचा मिश्र पेरा हा तेथे सुचविला जाणारा प्रमुख उपाय आहे. आपल्याकडे तांबड्या व हलक्या जमिनीत हे काम स्टायलो करते; पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत ते टिकत नाही. त्याच्या बियाचे कवच कठीण असते. म्हणून उकळी फुटण्याआधीच उतरविलेल्या कढत पाण्यात ते चार-पाच मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात घालावे, सावलीत सुकवावे आणि अंजनाबरोबर त्याच पट्ट्यात पेरावे.