माघातली पेरणी

संक्रांतीचे वाण वाटून झाले आणि पहाटेच्या थंडीची धार बोथट होऊ लागली, की देशावरील हौशी बागवानाच्या मनात उन्हाळी भाज्यांची तजवीज सुरू होते. परंतु सर्वच बियांना एकाच दिवशी मातीत दाखल करण्याचा शिरस्ता मला मान्य नाही. भेंडीचेच पाहा. रात्रीचा पारा 15 अंशांखाली रेंगाळत असेल, तर तिचे बी रुजण्याऐवजी कुजण्याचाच संभव अधिक. सबब थंडी ओसरेपर्यंत धीर धरावा, बी रात्रभर भिजवावे, आणि पांढऱ्या माशीच्या द्वारे पसरून पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणुरोगाचे भय असल्यास, त्याच्याशी झुंजण्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठात निपजलेल्या ‘परभणी क्रांती’ या वाणाचा विचार करावा. साधारणतः 45 ते 50 दिवसांत पहिली तोडणी हाती येते.

कारल्याच्या बियांचे कवच कठीण, त्यांस 24 तासांचे स्नान घडवावे. दुधी, दोडका यांना मांडवाचा बंदोबस्त आधीच हवा. गवार मात्र उन्हास जुमानत नाही, आणि तांदुळजा तर (माझ्या मते उपेक्षित पालेभाज्यांचा राजा) मूठभर बियांत महिनाभराची भाजी देतो. कोथिंबिरीचा मोह अनावरच असेल, तर तिला सावलीचा कोपरा द्यावा. अन्यथा पाने धरण्याआधीच ती फुलावर येते.