आधी कोबा बघणारा ठेकेदार

कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत मोठ्या कारखान्यांच्या आसपास छोट्या शेडही आहेत. कुणी मशीनचे जॉबवर्क करतो, कुणी कपडे शिवून घेतो, कुणी मसाले पॅक करतो. आपल्या समाजातली मुलेही आता या धंद्यात उतरू लागली आहेत. अशा शेडच्या मागे बहुधा एक अख्खे घर उभे असते. त्यात बँकेचे कर्ज असते, अम्मीच्या बांगड्या असतात, आखातात राबणाऱ्या भावाने पाठवलेले पैसे असतात. मग एक दिवस मोठ्या कंपनीचा माणूस पाहणीला येतो आणि सांगतो, "काम देऊ, पण जमीन धूळमुक्त करा. इपॉक्सी करून घ्या." दोन हजार चौरस फुटांची शेड असली तरी खर्च लाखांत जातो. हे काम कुणाला द्यायचे, हा म्हणून साऱ्या घराचाच प्रश्न होतो.

इपॉक्सी आपल्याला अनोळखी नाही. गळक्या नळाला एम-सील लावताना आपण दोन रंगांचे गोळे मळून एक करतो, ते इपॉक्सीच. एक भाग रेझिन, दुसरा हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रिया होऊन दगडासारखा कठीण थर बनतो. जमिनीचे तंत्रही हेच आहे. हार्डनर अंदाजाने ओतला तर जागोजागी चिकटपणा राहतो आणि तो नंतर जात नाही. उन्हाळ्यात मिसळलेला माल अर्ध्या तासाच्या आसपास आटोपावा लागतो. म्हणून वजनकाटा आणि मिक्सर न आणता काठीने डबा ढवळणारा माणूस दिसला, तर तिथेच काम थांबवावे.

पण खरा खेळ इपॉक्सीच्या खाली असतो. थर दोन-तीन मिलिमीटरचा, आणि तो धरून ठेवणार सिमेंटचा कोबा. कोब्याच्या वर सिमेंटची पातळ, ठिसूळ साय असते. ती ग्राइंडरने किंवा शॉट ब्लास्टिंगने काढली नाही, तर इपॉक्सी त्या सायीलाच चिकटते आणि तिच्याबरोबरच उचलून येते. नवा कोबा असेल तर किमान २८ दिवस थांबावे लागते. जुन्या मशीन शॉपमध्ये वर्षानुवर्षे तेल आणि कूलंट मुरलेले असते. कोब्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावे. ते शोषले गेले तर ठीक, मोत्यासारखे वरच राहिले तर खाली तेल किंवा जुने रसायन आहे असे समजावे.

आपल्या भागात सर्वांत जास्त घात होतो तो ओलीमुळे. कोल्हापूरचा पाऊस आपल्याला ठाऊक आहेच. कोबा घालताना खाली प्लास्टिकचा कागद अंथरला नसेल, तर जमिनीतली ओल वर चढत राहते. वरून इपॉक्सीने तोंड बंद केले की ती आतून ढकलते आणि फुगे येतात. आमच्या नात्यातल्या एका शेडमध्ये असेच झाले. मे महिन्यात आरशासारखी जमीन झाली आणि ऑगस्टमध्ये तिचे पापुद्रे निघू लागले. ठेकेदार म्हणाला, माल चांगला होता. ते खोटे नसेलही. पण काम करण्यापूर्वी त्याने ओल तपासली नव्हती. तपासणी तशी सोपी आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून कोब्यावर १६ तास ठेवायचा. काढल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर जमीन तयार नाही. मीटर लावला तर साधारणपणे चार टक्क्यांपेक्षा कमी ओल मागतात. ओल जास्त असेल तर तिला रोखणारा वेगळा प्रायमर लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.

म्हणून माझे मत असे, की ठेकेदाराची पारख त्याने दर सांगण्याआधी होते. फोनवरच चौरस फुटाचा भाव सांगून मोकळा होणारा माणूस मला पटत नाही. जो शेडवर येतो, कोबा कधी घातला, ट्रॉली किती वजनाची, ॲसिड सांडते का, जमीन गरम पाण्याने धुता का, असे विचारून मालकाला भंडावून सोडतो, तो कामाचा. प्रसंगी तो नाहीही म्हणतो. जिथे वितळलेला धातू सांडतो त्या फाउंड्रीच्या जागेला इपॉक्सी चालत नाही. रोज उकळते पाणी पडते तिथे पीयू काँक्रीट बरे. दारातून थेट ऊन येते तिथे इपॉक्सी पिवळी पडते. हे आधीच सांगून स्वतःचे काम कमी करून घेणारा ठेकेदार मिळाला, तर त्याला सोडू नये.

दराची तुलना करताना मिलिमीटर विचारा. एकाचा भाव निम्मा असतो, कारण तो रोलरने पातळ रंग फिरवणार असतो आणि दुसरा दोन मिलिमीटरचा थर ओतणार असतो. हिशेब शाळेतलाच आहे. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला की एक मिलिमीटर जाडी होते. दोन हजार चौरस फूट म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटर. दोन मिलिमीटरसाठी ३७२ लिटर लागले. लिटरचे वजन कंपनीच्या माहितीपत्रकात असते. ते दीड किलो असेल, तर माल ५५८ किलो आला पाहिजे. २० किलोचे संच असतील तर २८. डबे सीलबंद आलेले पाहा, बॅच नंबर आणि मुदत टिपून घ्या, आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत शेडमध्येच ठेवायला सांगा. सहावी-सातवीतला मुलगाही ते मोजू शकेल.

जुने काम पाहायला जाल तेव्हा मागच्या महिन्याचे पाहू नका. दोन पावसाळे काढलेली जमीन दाखवायला सांगा. तिथे मालकाशी बोलण्यापेक्षा रोज झाडणाऱ्या मावशींना विचारलेले बरे. कुठला कोपरा उचलला आहे, हे त्यांना नेमके माहीत असते. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो, तोही तपासावा.

सगळे ठरले की लिहून घ्या. जाडी, मालाचे नाव, ग्राइंडिंग कोण करणार, ओल निघाली तर जादा दर किती, किती दिवस काम बंद राहील, फुगे आले तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे सारे त्यात असावे. आपल्याकडे "अरे, तो आपलाच माणूस आहे" म्हणून कागद टाळतात. सूरह बकराची २८२वी आयत, कुरआनातली सर्वांत मोठी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. तेव्हा लिहून मागण्यात कुणाचा अपमान नाही. पैसे टप्प्यांनी द्यावेत. मालासाठी आगाऊ, घासलेला कोबा स्वतः पाहून प्रायमरपूर्वी काही, काम झाल्यावर बाकीचे. दहा टक्के पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायचे असतील, तर तेही आधीच करारात लिहावे. मागाहून अडवून धरणे बरोबर नाही.

मालकाचीही जबाबदारी आहे. दुसऱ्या दिवशी चालता येते म्हणून ट्रॉली फिरवू नये. पूर्ण ताकद यायला साधारण सात दिवस लागतात. ऑर्डरच्या घाईत हे सात दिवसच कापले जातात आणि दोष ठेकेदारावर जातो.

आणखी एक गोष्ट. ग्राइंडिंगची बारीक धूळ फुप्फुसात बसते, तिच्यातल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो. हार्डनर कातडीला लागत राहिला की खाज आणि पुरळ येते, आणि एकदा ॲलर्जी जडली की त्या कारागिराला धंदाच सोडावा लागतो. भावात घासाघीस झाली की सर्वांत आधी हातमोजे, मास्क आणि धूळ ओढणारे मशीन गळते. ही कामे करणारी पोरे कुणाची तरी मुले असतात. कोटेशनमध्ये हे सामान लिहिलेले आहे का, ते पाहावे.

दिवाळीच्या सुट्टीत कारखाने बंद असतात, त्यामुळे चांगले ठेकेदार तेव्हा हाती लागत नाहीत. काम दिवाळीत करायचे असेल, तर गणपतीच्या सुमारासच त्यांना कोबा तपासायला बोलवावे. पावसात भिजलेल्या जमिनीची खरी ओल तेव्हाच दिसते.