उपरण्याची गाठ

जीपमधून उतरवलेल्या तरुणाचे हात उपरण्याने बांधलेले असतात. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला मेहुणा. तीन रात्री घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागलेला नसतो. गाठ सोडताना मनगटावरचे वळ दिसतात आणि ती बांधणारा भाऊच रडू लागतो. नांदेड-लातूरच्या खेड्यांतून मनाने आजारी माणूस दवाखान्यात पोचतो, तो पुष्कळदा असा.

या भावाला निर्दयी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. नांदेड आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण किनवटच्या माणसाला नांदेडची एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी. गोळ्या सुटतात, आजार उसळतो आणि गोठ्यातलं दावं हाताशीच असतं.

पण बांधणं जिवावरही बेततं. तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या एका निवासाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेल्यांना पळता आलं नाही; २८ जण गेले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळी कोणत्याही रूपात बंद केली. रुग्णालयांसाठी कलम ९७ आहे. एकांतात कोंडणं साफ मना. तत्काळ होणारी इजा टाळायला दुसरा मार्गच उरला नसेल तरच बांधायचं, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरज असेल तेवढाच वेळ. कारण कागदावर लिहायचं, २४ तासांत रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवायचं. शिक्षा म्हणून बांधायचं नाही, आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. यातली शेवटची अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. रात्रपाळीला भरल्या वॉर्डात एकटी सिस्टर असली, की पट्ट्याने बांधण्याचा मोह तिथेच होतो.

माणूस उसळण्याआधी बहुधा खुणा दिसतात: येरझारा, आवळलेल्या मुठी, चढलेला आवाज. अशा वेळी घोळका हटवावा. एकानेच बोलावं, थोडं लांब उभं राहून, दाराची वाट न अडवता. ‘दादा, पाणी देऊ? कशाची भीती वाटतेय?’ हे नवं नाही. लंडनजवळच्या हॅनवेलच्या मनोरुग्णालयात डॉ. जॉन कोनोली यांनी १८३९मध्ये बांधण्याची साधनंच बाद केली. आजची औषधं तेव्हा नव्हती. भिस्त होती ती रुग्णांवर लक्ष ठेवणाऱ्या, त्यांच्याशी सबुरीने वागणाऱ्या माणसांवर.

तुमच्या घरात कुणी रात्र-रात्र झोपत नसेल, स्वतःशीच भांडत असेल, तर दाव्याला हात घालण्याआधी १४४१६ फिरवा. टेलि-मानसची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.