फोल्डर उघडलं... आणि घात झाला!

शुक्रवारची संध्याकाळ. सव्वासहा वाजलेले. कॉलेज रोडवर गँग जमलेली, मोबाइल सारखा थरथरतोय आणि अस्मादिक अजून अंबडच्या ऑफिसातच! एकच काम उरलं होतं, एका जुन्या कस्टमरला क्वोटेशन मेल करायचं. फोल्डर उघडलं, फाइल जोडली, सेंड दाबलं, बाइक काढली. विषय संपला!

कसला संपतोय? सोमवारी सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी पाठवलेले रेट मागच्या वर्षीचे होते आणि कस्टमरने लगेच 'ओके' कळवलं होतं. तो नाही म्हणेलच कशाला? किलोमागे नऊ रुपयांचा फरक! साहेबांनी दोन तास फोनाफोनी करून तो निम्मा भरून काढला. उरलेला निम्मा माझ्या अप्रेझलच्या वेळी निघणार, हे सांगायची गरज नव्हती.

चूक माझीच. पण थोडी विंडोजचीही हं! त्या फोल्डरमध्ये जॉबचे फोटो भरपूर होते. आत फोटोच जास्त दिसले की विंडोज स्वतःचं डोकं चालवतं. हा फोटोंचा अल्बम आहे असं समजून मोठमोठे आयकॉन मांडतं. मग तारखेचा कॉलम गायब आणि लांब नावांचं शेपूट कापलेलं. माझ्या सहा फाइलींची नावं 'क्वोटेशन फायनल...' इथेच संपत होती. पुढचं 'जुनं', 'नवीन', 'फायनल फायनल' दिसणार कसं?

यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग कस्टमाइज. तिथे 'ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर' दिसेल. 'पिक्चर्स' काढून 'जनरल आयटम्स' करा. आता व्ह्यूमध्ये 'डिटेल्स' निवडा आणि 'डेट मॉडिफाइड' या मथळ्यावर क्लिक करा. ताजी फाइल सगळ्यात वर! हीच मांडणी बाकीच्या फोल्डरना हवी असेल, तर वरच्या तीन टिंबांतून ऑप्शन्स, तिथे व्ह्यू आणि 'अप्लाय टू फोल्डर्स'. (हे विंडोज ११ चं. १० वर ऑप्शन्स व्ह्यूच्या पट्टीतच सापडतं. पण १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा बघा बुवा!)

एक्सप्लोरर उघडल्यावर आधी काय दिसावं, तेही त्याच ऑप्शन्समध्ये पहिल्या पानावर ठरतं. मी 'होम'च्या जागी 'धिस पीसी' केलंय. 'होम'वर अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी येते, आणि शेजारून साहेब जात असताना आपला बायोडेटा त्यात झळकलेला कोणाला आवडेल?

आणि हो, फाइलींची एक्स्टेन्शन्स दिसू द्या. विंडोज ती मुळातच लपवून ठेवतं. मे २००० मधला 'आय लव्ह यू' व्हायरस आठवतोय? प्रेमपत्राच्या नावाखाली आलेल्या फाइलचं शेवटचं 'व्हीबीएस' लपलेलं, त्याआधीचं 'टीएक्सटी' तेवढं दिसायचं. साधं पत्र समजून जगभरच्या लोकांनी प्रेमाने क्लिक केलं!

मी भाषण देतोय हे बघून अकाउंट्सच्या काकूंनी हाक मारली. "अरे, माझे महिने असे उलटेपालटे का रे? जानेवारीच्या आधी ऑक्टोबर!" काकूंची फोल्डर्स चक्क मराठीत. कॉम्प्युटर नावं वर्णमालेप्रमाणे लावतो; स्वर आधी, व्यंजनं मागून, त्यामुळे सप्टेंबर सगळ्यात खाली. प्रत्येक नावाआधी महिन्याचा आकडा टाकला, वर्षभराची रांग सरळ.

तीच युक्ती मी क्वोटेशनला लावली. कारण 'डेट मॉडिफाइड'वरही पूर्ण भरवसा नको. जुनी फाइल उघडून चुकून सेव्ह झाली तरी ती उडी मारून वर येते. म्हणून आता नावाच्या सुरुवातीलाच वर्ष, महिना, दिवस. 'फायनल' हा शब्द बाद.

काकू खूश आहेत. पण त्यांचा डेस्कटॉप आयकॉन्सनी कोपऱ्यापर्यंत भरलाय, तो आवरू का विचारलं तर म्हणाल्या, "हात लावशील तर खबरदार! मला सगळं सापडतं."